सेकंडहँड अबार्थ पुंटो घेताय? मीटर नंतर बघा, आधी रबर बघा

फियाटची अबार्थ पुंटो विकायला आली की जाहिरातीत पहिली ओळ ठरलेली, "फक्त अमुक हजार किलोमीटर, सिंगल ओनर, शोरूम कंडिशन". आणि बघायला जाणाऱ्याचा पहिला प्रश्नही तोच, किती चाललीय? मला विचाराल तर या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न चौथा-पाचवा असायला पाहिजे. ही गाडी आपल्याकडे ऑक्टोबर २०१५ मध्ये आली आणि प्रदूषणाचे बीएस६ नियम लागू व्हायच्या आधीच फियाटचा कारभार इथे आटोपला, म्हणजे सगळ्यात शेवटच्या पीसलाही आता चांगलं वय झालंय. इंजिनाचं लोखंड टिकतं हो, ते लाखाच्या वर सहज जातं. वय होतं ते रबराचं, प्लास्टिकचं, सीलचं आणि पाइपांचं, आणि ते गाडी चालवली काय आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवली काय, होतंच. उलट नुसती उभी राहिलेली गाडी मला जास्त धोक्याची वाटते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्याजवळ रांजणगावच्या प्लांटमध्ये बनलेली ही गाडी, बाहेरून साधारण फियाटच्या साध्या पुंटो इव्होसारखीच, पण बॉनेटखाली १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल, ताकद १४५ बीएचपी आणि टॉर्क २१२ एनएम, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स, चारही चाकांना डिस्क ब्रेक, १९५/५५ आर१६ टायर आणि किंमत ९ लाख ९५ हजार, दिल्ली एक्स-शोरूम. कंपनीचा दावा होता शून्य ते शंभर ८.८ सेकंदात. दहा लाखाच्या आत तेव्हा असं काहीच मिळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही एवढ्या पैशात एवढा दम असलेली मॅन्युअल हॅचबॅक शोधायला गेलात तर हातात फार काही लागत नाही. पोलो जीटी टीएसआय होती, तीही आपल्या चाकणची, सुंदर गाडी, पण १०५ पीएस, म्हणजे बीएचपीही जवळपास तेवढीच. बलेनो आरएस आली २०१७ मध्ये, ती हलकी होती, चपळ होती, पण तीही १०२ पीएसच.

ग्रिलवरचा विंचू कुठून आला असं बरेच जण विचारतात. कार्लो अबार्थ, जन्म व्हिएन्नाचा, नोव्हेंबर १९०८, रास वृश्चिक. १९४९ मध्ये त्यांनी इटलीत स्वतःची कंपनी काढली, छोट्या फियाट गाड्या घेऊन त्यांना पळवायचं हेच काम, नंतर १९७१ मध्ये फियाटनेच ती विकत घेतली. आपल्याकडे फियाट म्हटलं की आधीच्या पिढीला कुर्ल्याची पद्मिनी आठवते, माझ्या वयाच्या लोकांना पालिओ १.६ आठवते, सचिनच्या नावाची एस१० आठवते. त्या रांगेत ही शेवटची मस्त गाडी, असं मी मानतो.

चालवायला कशी आहे? २००० आरपीएमपर्यंत थोडी सुस्त, मग टर्बो जागा होतो आणि स्टिअरिंग हातात ओढ घेतं, पुढची दोन चाकं एवढा टॉर्क झेलताना थोडी धडपडतात. ट्रॅक्शन कंट्रोल नाही. पावसाळ्यात ताम्हिणीत दुसऱ्या गिअरला जोरात रेस दिली तर चाक जागेवर फिरतं, त्यामुळे उजवा पाय शहाणा लागतो, आणि टायर चांगले लागतात, यात अजिबात काटकसर करू नका. पण स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, रस्ता काय आहे ते तळव्याला कळतं, आजकालच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये ही गोष्ट मला सापडत नाही. मी पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी घाटाने एकदा पहाटे चढलो आणि वर पोचल्यावर लगेच खाली उतरून परत चढावंसं वाटलं, एवढंच सांगतो.

आता बघायला जाताना काय बघायचं. पहिली अट, इंजिन थंड पाहिजे. मी विकणाऱ्या काकांना आदल्या रात्रीच फोन करून सांगितलं होतं, काका, सकाळी गाडी चालू करून ठेवू नका, पहिला स्टार्ट मी मारणार. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवून बघायचा. थंड स्टार्टला सायलेन्सरमधून निळसर धूर, टायमिंगच्या बाजूने आवाज, आयडलला थरथर, हे सगळं गरम इंजिनात लपून जातं. मग कूलंटच्या टाकीत बघा, गढूळ किंवा गंजाळलेलं पाणी असेल तर कोणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय असं समजायचं. रेडिएटरचे आणि इंटरकूलरचे पाइप बोटाने दाबून बघा, दाबल्यावर बारीक चिरा उघडतात का, क्लिपपाशी तेलकट ओल आहे का. पॉवर स्टिअरिंगचे पाइप, ड्राइव्ह शाफ्टचे बूट, दारांची रबरं, सगळं बघा. टायरवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत लिहिलेलं असतं, चाळीस हजार चाललेल्या गाडीवर मूळ टायर अजून असतील तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी ते टायर गेलेत.

क्लचसाठी सोपी टेस्ट आहे, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला दोन हजार आरपीएमच्या आसपास येऊ द्यायचं आणि पूर्ण रेस द्यायची, आरपीएमचा काटा वर पळाला आणि गाडी तिथेच राहिली तर क्लच स्लिप होतोय. या गाड्यांपैकी बऱ्याच रिमॅप झालेल्या असतात, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली, त्यांचा क्लच लवकर जातो, म्हणून मालकाला सरळ विचारायचं, आणि तो नाही म्हणाला तरी टेस्ट करायचीच. लॅपटॉपवर मल्टीईसीयूस्कॅन हे सॉफ्टवेअर टाकून, केबल लावून जुने एरर वाचून घ्या, फियाटवाल्यांकडे हे हमखास असतं, कोणी ना कोणी सोबत येतो. कागदांचं सगळ्यांना माहीत असतं तरी सांगतो, आरसीवर बँकेचं हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाची नोंद, असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आधी, पैसे नंतर. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. आणि विम्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा.

मीटरची जादू सगळ्यात जास्त फसवते ती टायमिंग बेल्टच्या बाबतीत, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन तालात ठेवणाऱ्या रबरी पट्ट्याच्या. माझ्या गाडीचं मीटर कमी होतं, सर्व्हिस बुक भरलेलं होतं, त्यात बेल्ट बदलल्याची नोंद नव्हती आणि मागच्या मालकाला ती हवीशीही वाटली नव्हती कारण किलोमीटर झालेच नव्हते. गाडी घरी आणायच्या आधी थेट भोसरीला आमच्या मिस्त्रींकडे नेली. ते इंजिनकडे न बघता मला म्हणाले, "दादा, बेल्ट किती चाललाय ते नका सांगू, कुठल्या सालचा आहे ते सांगा." गाडीच्याच सालचा, मी म्हणालो. "मग आजच काढू." बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते, जी आधी येईल ती, आणि आपल्याकडे कमी चाललेल्या गाड्यांना वर्षांचीच आधी येते. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि मग गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा इंजिनात घालावा लागतो. वॉटर पंपसुद्धा त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून नुसता बेल्ट बदलण्यात अर्थ नाही, बेल्ट, टेन्शनर आणि पंप तिन्ही एकदम बदलायचे, मजुरी तशीही एकदाच लागते. जुना बेल्ट काढून हातात वाकवला तर दातांच्या मुळाशी भेगा दिसत होत्या. वरून बघून कोणालाच कळलं नसतं.

सस्पेन्शनचंही तेच. गाडीचं ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर, स्प्रिंगा कडक, टायर बारीक बाजूचे, आणि आपले रस्ते. लोअर आर्मचे रबरी बुश, स्टॅबिलायझर लिंक, स्ट्रटच्या वरचं माउंट हे खायचे पार्ट आहेत, ते लागणारच, त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. खड्ड्यात टकटक आली तर लिंक, ब्रेक मारताना पुढून धप्प झालं तर बुश, जागेवर स्टिअरिंग फिरवताना करकर झाली तर माउंट, साधारण असा हिशोब. एका गॅरेजवाल्याने मला टकटक ऐकून थेट शॉकअप बदला म्हणून सांगितलं होतं, दोन्ही बाजूचे. आमच्या मिस्त्रींनी गाडी वर घेऊन पहारीने आर्म हलवून दाखवला, बुश फाटलेला, शॉकअप एकदम कोरडे आणि ठीक. म्हणून मी म्हणतो की या गाडीसाठी आधी माणूस शोधा आणि मग गाडी शोधा, फियाटवर हात बसलेला माणूस तुमच्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर नसेल तर खरंच विचार करा.

ऑइलच्या बाबतीत मी हट्टी आहे. इंजिनात तेल मावतं साधारण तीन लिटर, तेवढ्याच तेलाने टर्बोच्या बेअरिंगलाही थंड ठेवायचंय, त्यामुळे चांगलं फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४० आणि कंपनीच्या वेळापत्रकाच्या बरंच आधी बदल. वर्षात गाडी कमी चालली तरी वर्षाला बदल होतोच. दर दोन टाक्यांना डिपस्टिक काढून बघायची. घाट चढून आलं की लगेच चावी बंद करायची नाही, शेवटचे दोन किलोमीटर निवांत चालवायचं किंवा मिनिटभर आयडलला ठेवायचं, कारण इंजिन बंद झालं की तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बोत उरलेलं तेल जळून तिथेच साचतं.

पेट्रोलचा विषय सध्या सगळ्यांच्या डोक्यात आहे. ही गाडी बीएस४ च्या काळातली, ई२० साठी, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, बनलेली नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं हे उघड आहे, पण मला काळजी त्याची नाही, मला काळजी परत रबराचीच आहे. जुन्या मापाचे फ्युएल पाइप, ओ-रिंग, पंपाचे सील यांना ते किती मानवेल हे ज्याच्या त्याच्या गाडीवर आहे, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं म्हणून गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवणं अजिबात चांगलं नाही. मी फ्युएल लाइन तपासणी वार्षिक सर्व्हिसमध्ये टाकलीय, जोडाजवळ ओल किंवा केबिनमध्ये पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज. यात उद्या-परवा चालत नाही.

पार्टचं काय, हा प्रश्न घरच्यांपासून ऑफिसपर्यंत सगळे विचारतात. उत्तर असं की इंजिनाचे बरेच पार्ट फियाटच्याच लिनिया टी-जेटशी जुळतात, बॉडीचे आणि केबिनचे बरेच पार्ट साध्या पुंटोचे चालतात, आणि साध्या पुंटो रस्त्यावर भरपूर होत्या. नाना पेठेत फिरलं की सर्व्हिसचे पार्ट मिळतात, काच, दार, आरसा असं काही लागलं तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्यात मिळून जातं. इंजिन-टर्बोचं एखादं अवघड सामान युरोपातून मागवता येतं कारण तिथेही ग्रँड पुंटो आणि तिची अबार्थ होती, फक्त कस्टम ड्यूटी आणि वाट बघणं धरून चालायचं, आणि मागवताना पार्ट नंबर जुळवल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, नुसता फोटो बघून नाहीच.

रिमॅप करणार का, असं मित्र दर वेळी विचारतात. नाही करणार. आरसीवर, विम्यावर काय परिणाम होतो तो भाग वेगळा, पण मूळ १४५ बीएचपीच आपल्या रस्त्यांना पुरून उरते, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मर्यादा शंभरची आहे. तेच पैसे टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइडमध्ये घाला. ब्रेक फ्लुइडही पाणी शोषतं आणि दोन वर्षांत बदलायचं असतं, आणि तेही मीटर बघून नाही, तारीख बघून. घाट उतरताना पेडल मऊ पडायला लागलं की मग पश्चात्तापाला वेळ नसतो.

माझी गाडी २०१६ ची, म्हणजे आरसी २०३१ पर्यंत, मग पासिंग करून पुढे पाच पाच वर्षं. तिथपर्यंत न्यायची तर पार्टचा थोडा साठा लागेल म्हणून मी एक कपाट रिकामं केलंय. पण त्यात काय ठेवायचं ते विचार करून ठरवलंय. हेडलॅम्प, टेललॅम्प, सेन्सर, इग्निशन कॉइल, पुढचा बंपर, एखादं जादा विंचूवालं अलॉय, हे मिळेल तेव्हा घेऊन ठेवायचं कारण हे उद्या मिळेल याची खात्री नाही आणि कपाटात ते खराबही होत नाही. बेल्ट, बुश, माउंट, पाइप मात्र साठवायचे नाहीत, ते लागतील तेव्हा ताजेच आणायचे. कपाटात पडून पडूनही रबराचं वय वाढतच असतं.