न्यू रॉसचं ‘डनब्रोडी’ जहाज: चौघांचा एक माचा

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघं, म्हणजे आई, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची लेक, आयर्लंडमध्ये वेक्सफर्ड परगण्यातल्या न्यू रॉसला जाऊन आलो. बॅरो नदीच्या धक्क्यावर तिथे ‘डनब्रोडी’ उभं आहे. मूळ जहाज 1845 मध्ये कॅनडातल्या क्वेबेकला बांधलेलं, तीन डोलकाठ्यांचं; दुष्काळात आयर्लंड सोडून अमेरिकेकडे निघालेल्या माणसांना नेणारं. आत्ताचं हे त्याचं हुबेहूब रूप 2001 मध्ये पाण्यात उतरवलं. शिडाच्या जहाजातून अटलांटिक ओलांडणं म्हणजे काय, हे पुस्तकांतून वाचून मला कधीच नीट उमगलं नव्हतं. इथे खालच्या मजल्यावर उतरल्यावर उमगलं.

आधी पोचण्याबद्दल. न्यू रॉसला रेल्वे नाही. वॉटरफर्ड किंवा वेक्सफर्डपर्यंत गाडीने या आणि पुढे बस धरा. डब्लिनहून स्वतःच्या कारने साधारण दोन तास लागतात, आणि कार असेल तर गावाबाहेर डंगन्सटाउनला केनेडी घराण्याचं मूळ घरही त्याच दिवशी बघून होतं. जहाज माहितगाराबरोबरच बघायचं असतं, म्हणून सुट्टीच्या दिवसांत वेळ आधी ठरवून ठेवा. खाली जाताना पायऱ्या जपून उतरा. आईला आम्ही पाठमोरं, हात धरून उतरवलं. गुडघे दुखत असतील तर काय सोय आहे ते तिकीट काढतानाच विचारा. वर डेकवर वारा बोचतो, जाकीट हवंच.

हातात जुन्या धाटणीचं तिकीट पडतं आणि आपण प्रवासी होतो. खाली दोन्ही बाजूंना फळ्यांचे माचे आहेत. सहा फूट लांब, सहा फूट रुंद असा एक माचा चार मोठ्या माणसांना, म्हणजे माणशी दीड फूट. अंथरूण आपलं आपण आणायचं. आम्ही नेमके चौघं, म्हणून लगेच मापात बसून पाहिलं. आई मधे बसली आणि म्हणाली, “कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलायची.” त्यातही कायद्याच्या हिशेबात लहान मुलं अर्धी धरली जात, त्यामुळे लेकरंबाळं असलेल्या घराला आणखी दाटीत झोपावं लागे. माझं सांगणं आहे की जायच्या आदल्या दिवशी घरातल्या जमिनीवर चिकटपट्टीने सहा फुटांचा चौकोन आखा आणि चौघांनी त्यात अर्धा तास बसा. मुलांना पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

मला सगळ्यात जास्त छळलं ते या माच्यांच्या कारणाने. नेपोलियनच्या युद्धांत बाल्टिककडचं लाकूड अडलं आणि ब्रिटन कॅनडाच्या जंगलांकडे वळला. ओंडके भरून जहाजं इकडे यायची, पण परत जाताना तेवढा माल नसे. रिकामं जहाज समुद्रात डोलतं, त्याला निरम, म्हणजे तोल राखणारं वजन, लागतं; माल नसेल तर तळाशी दगड भरावे लागतात. मग परतीला फळ्या ठोकून माणसं भरायची आणि पलीकडे पोचलं की त्या काढून पुन्हा ओंडके. भाडं स्वस्त होतं ते यामुळे.

पैसेवाल्यांची वाट वेगळी, ठरल्या तारखेला सुटणाऱ्या जहाजांची. 5 जानेवारी 1818 ला ‘जेम्स मनरो’ हे जहाज बर्फ पडत असताना, जाहीर केलेल्या तारखेलाच न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला निघालं. तोवर माल भरेपर्यंत जहाज खोळंबून राही. पण तारीख पाळली तरी वारा कुणाचं ऐकत नाही. अमेरिकेकडे जाताना पश्चिमेचे वारे समोरून येतात, त्यामुळे येण्यापेक्षा जाण्याला जास्त दिवस लागत. सहा आठवडे धरून चालायचं, आणि दहा लागले तर शिदोरी संपायची.

पाण्याचा हिशेब नक्की विचारा. 1842 च्या ब्रिटिश कायद्याने माणशी रोज सुमारे साडेतीन लिटर पाणी ठरवलं होतं. पिणं, रांधणं, धुणं सगळं त्यातच. धान्य आठवड्याला सात पौंड, सव्वातीन किलोच्या आसपास. चूल वर डेकवर, सगळ्यांत मिळून. वादळ आलं की चूल विझवायची, वरची झाकणं बंद, आणि खाली अंधारात ओकाऱ्या, बादल्या, रडणारी पोरं. ताप पसरायला आणखी काय हवं! क्वेबेकच्या अलीकडे ग्रोस आयल बेटावर 1832 मध्ये कॉलऱ्यामुळे तपासणीचं ठाणं उघडलं होतं. 1847 या एका वर्षात तिथे पाच हजारांवर माणसं पुरली गेली, बहुतेक आयरिश.

तासाभरात दौरा संपतो, पण लगेच निघू नका. आम्ही वर डेकवर गेलो तेव्हा लेक विचारत होती की आपल्या वयाच्या मुलीला दिवसभर करायला काय असे. माहितगार बाईंनी तिला बाजूला घेऊन चुलीपाशी उभं केलं आणि रांगेत आपली पाळी यायला किती वेळ लागे ते सांगितलं. तुमच्या मुलांनाही असं काही विचारायचं असेल, तर दुपारच्या गर्दीआधीची पहिली फेरी घ्या. तेव्हा बोलायला त्यांना सवड असते.