रम्माण बघायला जाताय? ढोलवाल्यांच्या बाजूला बसा

एप्रिलच्या शेवटी उत्तराखंडात जाऊन रम्माण बघून आलो. चमोली जिल्ह्यात, जोशीमठकडे, सलूड-डुंग्रा ही जुळी गावं आहेत, तिथल्या भूम्याळ या ग्रामदेवतेचा हा वार्षिक उत्सव. २००९ साली युनेस्कोच्या यादीत आला, त्यामुळे कॅमेरेवाले भरपूर असतात.

आधी तारखेचं सांगतो, नक्की दिवस बैसाखीला गावचे पुरोहित जाहीर करतात, म्हणून परतीचं रिझर्व्हेशन आधीच करून बसू नका. ऋषिकेशहून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग करत जोशीमठ, अख्खा दिवस जातो, आणि वाटेत दरड आली की दिवसाचं काय ते देवच जाणे. मुक्काम जोशीमठलाच बरा. एप्रिल आहे म्हणून स्वेटर घरी ठेवू नका.

आता मुख्य गोष्ट. सगळे नाचणाऱ्यांच्या मुखवट्यांमागे धावतात, आणि मुखवटे आहेतच तसे, नरसिंहाचा तर फक्त भंडारी, म्हणजे गावातले क्षत्रिय, लोकच घालतात. पण उत्सवात सादर होणाऱ्या रामकथेत राम-लक्ष्मण तोंडातून चकार शब्द काढत नाहीत, नुसते नाचतात, कथा पुढे सरकते ती जागरी, म्हणजे जागर (देवादिकांची कथागीतं) म्हणणारे गायक, गातात त्यावर आणि ढोल-दमाऊच्या (दमाऊ म्हणजे छोटा नगारा) तालावर. ढोल एका बाजूने काठीने आणि दुसऱ्या बाजूने हाताने वाजतो. गारठ्यात दमाऊचं कातडं सैल पडलं की वाजवणारे ते शेकोटीवर धरतात, मधेच बोटाने टिचकी मारून आवाज बघतात, पुन्हा धरतात. हे बघायला मिळेल अशी जागा पकडा.

हे वाजवणारे दास समाजाचे. जातीच्या उतरंडीत सगळ्यात खाली, उत्सवापुरता मान वर चढतो. मला विचाराल तर या परंपरेला खरा धोका इथेच आहे. मुखवटा म्युझियममध्ये ठेवता येईल, पण ज्या पोराने बापाला वर्षभर कमी लेखलेलं बघितलंय तो ढोल का शिकेल? त्यापेक्षा शहरात नोकरी बरी. जागर गाणारे प्रीतम भरतवाण यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, छानच झालं, पण गावातल्या वाजवणाऱ्याला कोण विचारतो?

मधेमधे गमतीपण आहेत, कुरजोगी नावाचं एक पात्र असतं, तो शेतातलं काटेरी तण पोत्यात भरून आणतो आणि मग सगळे ते एकमेकांवर फेकतात, लोकरीचे कपडे असतील तर रात्रभर काटे काढत बसाल. वर साधं जॅकेट घाला.

रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा, देव अंगात आलेल्याच्या तोंडासमोर मोबाईल नको. माईक ढोलाला चिकटवू नका, आवाज फाटतो आणि जागर ऐकूच येत नाही, गाणाऱ्यांच्या बाजूला थोडं लांब ठेवा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावं त्यांना विचारूनच लिहून घ्या. फाइल्स तिथेच पेन ड्राइव्हवर कॉपी करून द्या, घरी गेल्यावर पाठवतो असं सगळेच म्हणतात. आणि बक्षिसी द्यायची तर थेट वाजवणाऱ्याच्या हातात.