राजहंसगडावरून अंतराळ स्थानक बघायचं तर

भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे, म्हणजे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रयोगशाळेकडे, निघाले तेव्हा बेळगावात पावसाळी ढग. त्यामुळे आपल्याकडून आकाशात स्थानक दिसण्याचा प्रश्नच नव्हता. डिसेंबर ते मार्च हा खरा हंगाम. राजहंसगडावर, म्हणजे येळ्ळूरच्या गडावर, सूर्यास्तानंतरच्या दीड तासात किंवा पहाटे जा. स्थानकाला स्वतःचा दिवा नाही, ते उन्हाने चमकतं. म्हणून मध्यरात्री डोक्यावरून गेलं तरी दिसत नाही. मधेच विझलं तर समजा, पृथ्वीच्या सावलीत शिरलं. लुकलुकत असेल तर ते सांबऱ्याच्या विमानतळावरचं विमान.

स्थानक सुमारे ४०० किमी उंचीवर, तासाला २८,००० किमी वेगाने फिरतं. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंश कललेली. प्रक्षेपणस्थळ त्या कक्षेच्या प्रतलाखाली येतं तेव्हाच स्थानकाकडे जाणाऱ्या यानाने उडायचं. क्षण हुकला की साधारण एक दिवस थांबा. शुक्लांचं उड्डाण लांबलं त्याला रॉकेटमधली द्रवरूप ऑक्सिजनची गळती हे एक कारण होतं.

यान स्थानकाला जोडणं हा माझ्या मते उड्डाणापेक्षा नाजूक भाग. शुक्लांना नेणारं ड्रॅगन यान स्थानकापेक्षा खालच्या कक्षेत राहून जवळ येतं, कारण खाली वेग जास्त. मग स्थानकापासून ४०० मीटर, २२० मीटर आणि २० मीटरवर थांबे. शेवटी वेग सेकंदाला १० सेंटिमीटरच्या आसपास. आधी हलकी पकड, मग १२ हुक आवळतात. तरी दार लगेच उघडत नाहीत. सांध्यातून हवा गळत नाही ना, हे तपासण्यात तासभर तरी जातो.