कपाटाची किल्ली

त्या दुपारी मी एका ट्रक ड्रायव्हरचं समुपदेशन करत होते. ड्रायव्हर खरा नव्हता. शेजारच्या तालुक्यातला माझा सहकारी शर्टाची वरची दोन बटणं सोडून ड्रायव्हर झाला होता. आमच्या एचआयव्हीच्या प्रशिक्षणात रोल प्ले म्हटलं की ट्रक ड्रायव्हर ठरलेला. दहा वर्षांच्या नोकरीत माझ्यासमोर खरे ड्रायव्हर फार तर सहा-सात बसले असतील. बाकी सगळी शेतातली, दुकानातली, बँकेतली, तुमच्याआमच्या घरातली माणसं.

डिसेंबर २०१८ चा पहिला आठवडा. मी साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, आयसीटीसीत म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात समुपदेशक होते. (गावं मुद्दामच सांगत नाही.) जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवसांचं उजळणी प्रशिक्षण होतं, तिथे माझा फोन तिसऱ्यांदा थरथरला. लेबर रूमच्या सिस्टर होत्या.

"मॅडम, ऊसतोड टोळीवरची बाई आणलीय. कळा सुरू आहेत. कागद एकही नाही जवळ. एचआयव्हीची पट्टी रिअॅक्टिव्ह आलीय आणि बाळाचं सिरप इथे नाही. तुमच्या कपाटात आहे ना?"

होतं. कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

ही चूक माझीच. बाळाला आईकडून लागण होऊ नये म्हणून द्यायच्या नेव्हिरॅपिन सिरपची एक बाटली लेबर रूममध्ये कायम असायला हवी. आधीच्या बाटलीची मुदत नोव्हेंबरअखेर संपत होती म्हणून मी ती परत आणली, रजिस्टरला नोंद केली आणि नवी बाटली उद्या देऊ म्हटलं. मग १ डिसेंबर आला. रॅली, रांगोळी, कॉलेजातलं व्याख्यान, फोटो, अहवाल. जागतिक एड्स दिनाच्या गडबडीत एड्सचंच औषध कपाटात राहिलं.

"कुलूप तोडा," मी म्हणाले. वॉर्डबॉयने प्रयत्न केला. कपाट जुनं, लोखंडी होतं, हँडल तेवढं हातात आलं. प्रशिक्षकांना सांगून मी स्टँड गाठलं. ते म्हणाले, अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लागेल. लागू दे म्हटलं.

एसटीत दोन तास नुसतं बसून राहायचं होतं. काहीच उपचार नसले तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, औषधं नीट मिळाली तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. हे वाक्य मी पोस्टरवर, व्याख्यानात, आशांच्या बैठकीत शेकडो वेळा म्हटलेलं. मधला फरक पर्समधल्या किल्लीएवढा असतो हे काही पोस्टरवर नव्हतं. आईला पहिली गोळी सिस्टरांनी दिली होती, तेवढाच धीर. बाळाला डोस जन्मानंतर होईल तितक्या लवकर द्यायचा असतो.

पोचले तेव्हा साडेचार झाले होते. मुलगी झाली होती, सव्वातीनला. वजन २ किलो ३०० ग्रॅम. मी कपाट उघडून बाटली घेऊन पळत गेले, तर वॉर्डात सासू वाटीत बोट बुडवून नातीच्या तोंडाकडे नेत होती.

"मावशी, काय ते?"

"गूळपाणी. आमच्यात पहिलं तेच लावतेत."

आता पंचाईत बघा. एचआयव्ही असलेल्या आईने औषध चालू ठेवून बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजायचं, असा आमचा सल्ला. पाणी नाही, घुटी नाही, मध नाही. अंगावरचं आणि वरचं एकत्र झालं की धोका वाढतो. हे सासूला सांगायचं, पण कारण सांगायचं नाही. सूनबाईला तरी अजून कुठे नीट कळलं होतं! सिस्टरांनी तिला एवढंच सांगितलं होतं की एका तपासणीत शंका आलीय, सकाळी आणखी तपासण्या करू.

मी म्हणाले, "मावशी, नातीचं वजन कमी आहे. तिला हे औषध रोज द्यायचंय. सहा महिने आईच्या दुधाशिवाय तोंडात काही नको."

तिन्ही वाक्यं खरी होती. त्यांना जोडणारा 'म्हणून' मावशींनी स्वतःच लावला. वाटी खाली ठेवली. मी सिरींजने १ मिलि मोजून बाळाच्या गालाच्या आत हळूहळू सोडलं. मिटक्या मारत प्यायली.

बाहेर मुकादम उभा. "मॅडम, रिपोर्ट काय आलाय? उचल दिलीय मी त्यांना. कोयता अडून बसला तर भरून कोण देणार?" ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा तीनच महिन्यांपूर्वी, १० सप्टेंबरला लागू झाला होता, आणि आदल्या दिवशी सकाळचं पहिलं सत्र त्याच्यावरच होतं. लेखी संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायची नाही. कलमं आठवत बसायला वेळ नव्हता. "मुलगी झालीय, बाळंतीण बरी आहे, हा रिपोर्ट," एवढं सांगून मी आत गेले.

दुसऱ्या दिवशी तीन वेगवेगळ्या पद्धतींच्या तीन चाचण्या झाल्या. तिन्ही पॉझिटिव्ह. मावशींना चहाला पाठवून मी तिच्याजवळ बसले. वीस-एकवीस वर्षांची असेल. रडली नाही. बराच वेळ बाळाच्या मुठीशी खेळत राहिली.

"मालकाला मीच सांगते. पण आज नाही."

"कधी?"

"जीव थाऱ्यावर आल्यावर. आत्ता सांगितलं अन् कोयता मोडला, तर उचल कोण फेडणार? माझा भाऊ?"

जोडीदाराची तपासणी लवकरात लवकर, हे माझ्या चेकलिस्टवर पहिल्या पानावर. पण तिच्या हिशेबात चूक काढता येईना. अकराव्या दिवशी ती त्याला घेऊन आली. तो तिच्या मागे उभा होता आणि सगळं तीच बोलली. त्याचा रिपोर्ट काय आला ते इथे सांगायचं कारण नाही.

डिस्चार्जच्या वेळी खरी अडचण निघाली ती औषधाची. आईला उपचार बाळंतपणात सुरू झाले, म्हणून बाळाला सिरप बारा आठवडे. ते पाजणार मावशी, कारण आई काही दिवसांत फडात जाणार. मावशींना आकडे वाचता येत नव्हते. सिरींजवरच्या रेघा मलाच चष्म्याशिवाय दिसत नाहीत! मग सिस्टरांच्या पर्समधलं लाल नेलपॉलिश घेऊन १ मिलिच्या रेघेवर फासलं. वाळेपर्यंत मावशी फुंकर घालत होत्या. "इथवर. खाली नाही, वर नाही." पुढे डोस वाढला. मी नवी रेघ मारली, जुनी ब्लेडने खरवडून काढली.

सहाव्या आठवड्यात मावशी आणि आई कोपीवरून, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवरून, चालत आल्या. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब कार्डावर घेतले, वाळवून प्रयोगशाळेला पाठवले. आईच्या अँटीबॉडीज बाळाच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे साधी पट्टी या वयात फसवते, हे कार्डच लागतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण अठराव्या महिन्याच्या तपासणीपर्यंत शेवटचा शब्द बोलायचा नाही अशी आम्हाला सवय. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, ट्रक भरले आणि टोळी बीडकडे निघाली. मी तिकडच्या केंद्रातल्या समुपदेशकाला फोन केला, कागद दिले.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मला मिळालं नाही. अर्धा दिवस भरला नव्हता. त्या वर्षीच्या करार नूतनीकरणाच्या फॉर्मवर 'उजळणी प्रशिक्षण' या रकान्यात 'अपूर्ण' लिहून द्यावं लागलं. कपाटाचं हँडल मी स्वतःच्या पैशाने बसवलं, आणि दुसरी किल्ली पाकिटात घालून सिस्टरांच्या टेबलाच्या खणात ठेवली. ती अजून तिथेच आहे. दर १ तारखेला मी खण उघडून बघते.

जून २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या धांदलीत, बीडकडून फोन आला. मुलीची अठराव्या महिन्याची तपासणी झाली होती. निगेटिव्ह.

"मॅडम, एक विचारू का?" पलीकडचा म्हणाला. "तिची आजी एक सिरींज घेऊन आली होती. तिच्यावर लाल काय लावलंय?"

मी सांगितलं.

"अजून त्यातनंच घुटी पाजते म्हणे. लाल रेघेपर्यंतच."