मनगटाखालची उशी

शांघायला येऊन दुसरं वर्ष सुरू होतं. कंपनीच्या तपासणीत बीपी १५२/९६ निघालं, ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू झाली. पण दुपारी चार वाजले की डोकं ठणकायचंच. शेवटी ऑफिसातली मैत्रीण मला पारंपरिक चिनी औषधांच्या रुग्णालयात घेऊन गेली.

मला वाटलं होतं, अंधारी खोली आणि धूप असणार. तिथे नंबराची पावती, कॉम्प्युटर आणि दंडाला गुंडाळायचं तेच मशीन! डॉक्टरीणबाईंनी आकडा टिपला, मग छोट्या उशीवर माझं मनगट ठेवून तीन बोटं टेकवली. आधी अलगद, मग दाबून. मग दुसरा हात. जीभ पाहिली. झोप मोडते का, कानात आवाज येतो का, चिडचिड होते का? याला मैत्रिणीने माझ्या वतीने परस्पर 'हो' सांगून टाकलं.

नाडी 'शिएन' निघाली, म्हणजे ताणलेल्या तारेसारखी. त्यांच्या जुन्या ग्रंथांत रक्तदाब नाहीच, गरगरणं आणि डोकेदुखी आहे, आणि ते सगळं यकृताच्या माथी. त्यांच्या पाच तत्त्वांत यकृत म्हणजे लाकूड, त्याला मूत्रपिंडाचं पाणी पोसतं. पाणी आटलं की यकृताचं 'यांग', म्हणजे उष्ण, वर चढणारा जोर, डोक्याकडे उसळतं. मी लगेच मनात पित्त चढणं लावून पाहिलं, पण आपल्याकडे पाणी-लाकडाचं हे नातं नाही, त्यामुळे ते बसेना.

बाईंनी दोन गोष्टी बजावल्या : गोळी सोडायची नाही, आणि मी खोकल्यासाठी चघळत असलेलं ज्येष्ठमध बंद. त्याने बीपी चढतं, हे मला आपल्याकडे कुणी सांगितलं नव्हतं.

काढ्याच्या पुडीत तियानमा नावाच्या कंदाच्या चकत्या, 'गोउतंग' नावाच्या वेलीचे गळासारखे वाकडे काटे आणि चक्क समुद्री शिंपल्याचा चुरा. शिंपला आधी बराच वेळ उकळायचा, गोउतंग अगदी शेवटी टाकायचं, जास्त उकळलं की त्याचा गुण जातो. मी पहिल्या दिवशी सगळं एकदम पातेल्यात ओतलं. घरभर ओल्या गोणपाटाचा वास, आणि नवऱ्याने रात्री खिडक्या उघड्या टाकल्या.

तीन आठवड्यांनी १३४/८४. डोकं दुखायचं कमी झालं. पण त्याच दिवसांत मी जेवणातला सोया सॉसही जवळजवळ सोडला होता, अकराला झोपतही होते. मग गुण कशाचा? बाईंना विचारलं. त्यांनी हसून उशी पुढे सरकवली.