रात्री दोनला अडणारं मराठी

बाबांच्या पुस्तकांची यादी अकारविल्हे लावून रोज रात्री मेल करणारा प्रोग्राम मी हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला. भाऊ अधूनमधून नव्या नोंदी टाकतो, म्हणून रोज. लिहायला एक संध्याकाळ पुरली. मजकूर ठेवायची हास्केलची मूळ स्ट्रिंग म्हणजे एकेका अक्षराची साखळी, मोठ्या मजकुराला जड. म्हणून पहिल्यापासून टेक्स्ट हा हलका प्रकार वापरला. लॅपटॉपवर झकास चाललं.

सर्व्हरवर रात्री दोनला क्रॉनने (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप सुरू करणारी सोय) चालवलं की पडायचं. लॉगमध्ये एकच ओळ: २२४ पासून सुरू होणारे बाइट उलगडता येत नाहीत. सकाळी सर्व्हरवर लॉगिन करून तोच प्रोग्राम हाताने चालवला की मुकाट चालायचा! तीन रात्री हेच. मी फाइल खराब धरून भावावर चिडलो, नोंदी पुन्हा टंकायला लावल्या. त्याचा काही दोष नव्हता, हे त्याला अजून नीट सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी २२४ कडे नीट पाहिलं. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं आणि पहिला बाइट कायम २२४. म्हणजे फाइल ठणठणीत होती, पहिल्याच मराठी अक्षराला प्रोग्राम ठेचकाळत होता. हास्केल फाइल वाचताना कोणतं एन्कोडिंग, म्हणजे साठवायची कोणती पद्धत, धरायचं ते भोवतालच्या लोकेलवरून, म्हणजे भाषेच्या सेटिंगवरून ठरवतं. मी लॉगिन केलं की माझ्या लॅपटॉपचं लँग हे भाषेचं सेटिंग सोबत जायचं. क्रॉनला ते मिळतच नव्हतं, मग नुसतं अ‍ॅस्की, ज्यात देवनागरी नाहीच. क्रॉनच्या ओळीत एन्व्ह ही आज्ञा घालून प्रोग्रामला मिळणारी सेटिंग्ज छापून घेतली तेव्हा पुरावा मिळाला. हे पहिल्याच रात्री करायला हवं होतं. तुम्ही तरी करा.

उपाय दोन ओळींचा. फाइल बाइटस्ट्रिंग, म्हणजे कच्चे बाइट, म्हणून वाचायची आणि डीकोड-यूटीएफ-८ ने स्वतः उलगडायची. छापण्याआधी एच-सेट-एन्कोडिंगने स्टँडर्ड आउटपुटला, म्हणजे प्रोग्राम जिथे छापतो त्या वाटेला, यूटीएफ-८ सांगायचं. दुसरी ओळ विसरलात तर वाचताना न पडलेला प्रोग्राम छापताना पडतो. पाचवी रात्र माझी त्यातच गेली.

हो, आणि तपासताना प्रिंट हे फंक्शन वापरू नका. ‘क्षितिज’ छापायला सांगितलं तर \२३२५\२३८१\२३५९ असे आकडे येतात आणि आपल्याला वाटतं मजकूरच बिघडला. पुट-स्ट्रिंग-लाइन वापरा, अक्षरं दिसतात.

सहाव्या सकाळी मेल आला. मी चहा टाकून तो दोनदा वाचला. ‘ळ’ मात्र ‘व’च्या आधी लागला होता, कारण सॉर्ट युनिकोडने अक्षरांना दिलेल्या आकड्यांच्या क्रमाने जातो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. रकानेही वाकडे: ‘क्षितिज’ डोळ्यांना तीन अक्षरांचं, लांबी मोजणाऱ्या लेंग्थच्या लेखी सात, कारण हलन्त आणि वेलांट्याही ती मोजते. क्रम मी स्वतःचं तुलनेचं फंक्शन लिहून सुधारला. रकाने अजून तसेच आहेत. बाबांनी विचारलं तर प्रिंटरवर ढकलणार आहे.