गाणे नेमके अडते कुठे

बाबांना सकाळी नागपूरच्या अंबाझरीला फिरताना फोन सोबत नको असतो, पण गाणी हवी असतात. त्यामुळे आमच्या घरी लहानसा म्युझिक प्लेअर अजून रोजच्या वापरात आहे आणि त्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात. अशा तक्रारीवर दुकानात बहुधा 'मेमरी कार्ड फॉरमॅट करा', म्हणजे पुसून नव्याने तयार करा, एवढेच सांगितले जाते. मला हा सल्ला पटत नाही, कारण फॉरमॅट केल्यावर गाणी तर जातातच, शिवाय बिघाड कुठे होता हे कळण्याचा मार्गही बंद होतो. प्लेअर कशा प्रकारे अडतो आहे, हे आधी नीट ऐकले पाहिजे.

सर्वांत फसवा बिघाड म्हणजे वाद्ये ऐकू येतात, पण गायकाचा आवाज नाहीसा होतो. ऐकणाऱ्याला वाटते की फाइलच खराब झाली, प्रत्यक्षात मात्र दोष इअरफोनच्या पिनेत किंवा ती जिथे बसते त्या सॉकेटमध्ये असतो. डाव्या आणि उजव्या आवाजाच्या तारांना परतीचा मार्ग सामाईक असतो. तो जोड सुटला की दोन्ही बाजूंमध्ये जेवढा फरक आहे तेवढाच कानी पडतो, आणि स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखाच ठेवलेला असल्याने तो एकमेकांत कटून जातो. जुन्या मोनो गाण्यांत तर दोन्ही बाजू एकसारख्याच असतात, म्हणून तिथे जवळजवळ शांतताच पसरते. 'नवी गाणी कशीबशी लागतात, जुनी लागतच नाहीत' ही बाबांची तक्रार त्यामुळे अगदी बरोबर होती. प्लेअर बंद करून लाकडी टूथपिकने सॉकेटच्या तळाशी खिशातल्या धाग्यांचा दाबून बसलेला बोळा अलगद काढला, तेव्हा पिन पूर्ण आत गेली आणि आवाज परतला. टाचणी मात्र घालू नये, आतल्या पातळ पट्ट्या वाकतात.

एका ठरावीक संख्येपर्यंत गाणी वाजतात आणि पुढची सगळी अडखळतात किंवा उघडतच नाहीत, असे असेल तर संशय कार्डावर घ्यावा. सीताबर्डीच्या बाजारात रस्त्याच्या कडेला स्वस्तात मिळालेले 128 जीबीचे कार्ड आत खरोखर तेवढे असेलच असे नाही. बनावट कार्ड संगणकाला खोटी क्षमता सांगते, त्यामुळे फायलींची नावे आणि आकार दिसत राहतात, पण मजकूर जागेवर नसतो. एचटूटेस्टडब्ल्यूसारखा मोफत प्रोग्राम रिकाम्या कार्डावर माहिती भरून ती परत वाचतो आणि खोटेपणा उघडा पाडतो. कार्ड अस्सल असूनही प्लेअरला दिसतच नसेल, तर अडचण वेगळी असते: 32 जीबीपेक्षा मोठी कार्डे सहसा फायली मांडण्याच्या एक्सफॅट नावाच्या पद्धतीने तयार केलेली असतात आणि अनेक जुने प्लेअर फक्त फॅट32 ही जुनी पद्धत ओळखतात. फॉरमॅटचा सल्ला योग्य ठरतो तो इथे, तोही गाणी संगणकावर उतरवून घेतल्यानंतर.

ठरावीक गाण्यावरच प्लेअर गोठत असेल, तर तेच गाणे संगणकावर लावून पाहावे. तिथे ते नीट वाजले, तर बहुधा त्याच्या फाइलचा प्रकार या प्लेअरला झेपत नाही, किंवा फाइलला चिकटवलेले मुखपृष्ठाचे चित्र अवाजवी मोठे असते. फाइलच्या नावापुढे एमपीथ्री लिहिल्याने ती एमपीथ्री होत नाही. रूपांतर करावेच लागते. गाणी उलटसुलट क्रमाने वाजणे हा तर बिघाडच नव्हे, कारण पुष्कळ साधे प्लेअर ज्या क्रमाने फायली कॉपी झाल्या त्याच क्रमाने त्या वाजवतात.

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिक्कीत त्याहूनही जास्त उकाडा असतो. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या पुढे चार्ज करू नये, असे मानले जाते. तापलेला प्लेअर मध्येच बंद पडला, तर तो सावलीत निवू द्यावा आणि मगच पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरून पुन्हा सुरू करून पाहावे. आतली बॅटरी फुगून मागचे झाकण उचलल्यासारखे दिसत असेल, तर मात्र ते दाबून बसवण्याच्या भानगडीत पडू नये, चार्जर लावू नये आणि प्लेअर सरळ बॅटरी बदलणाऱ्याकडे न्यावा.